अण्णांचे स्कोअरबुक

बॉस्टनच्या फेनवे पार्कवर बेसबॉलचा रात्रीचा सामना बहुतेक वेळा सात वाजून दहा मिनिटांनी सुरू होतो, तेव्हा पुण्यात पहाटेचे चार वाजून चाळीस मिनिटे झालेली असतात. अण्णा त्या सुमारास उठलेलेच असतात. चूळ भरून, गॅसवर चहाचे आधण ठेवून ते मला फोन लावतात आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आज पिचर कोण?" म्हणजे चेंडू कोण टाकणार. माझी तब्येत, सुनेची नोकरी, नातीचे कॉलेज हे सगळे त्यानंतर येते, आणि तेही बेसवर, म्हणजे धावेच्या टप्प्यावर, कोणी उभे नसेल तरच. आमच्या घरातल्या पुरुषांना मनातले सरळ बोलता येत नाही, हे आई नेहमी म्हणायची. गेल्या एकवीस वर्षांत अण्णांनी आणि मी एकमेकांना ज्या चार महत्त्वाच्या गोष्टी सांगितल्या असतील, त्या बहुतेक रेड सॉक्स या बॉस्टनच्या संघाच्या आडून सांगितल्या आहेत.

परवा थँक्सगिव्हिंगच्या दिवशी सोळा माणसे जेवायला येणार होती म्हणून मुलीला घडीच्या खुर्च्या आणायला तळघरात पाठवले. ती खुर्च्यांऐवजी एक जुनी वही घेऊन वर आली. मळक्या निळ्या पुठ्ठ्याची, कडेला तारेचे वेटोळे असलेली ती वही पाहिल्यावर पुढचा अर्धा तास मी स्वयंपाकघरात कोणाच्याही उपयोगाचा राहिलो नाही.

ते अण्णांचे २००४ सालचे स्कोअरबुक होते. त्या वर्षी जूनमध्ये आई-अण्णा पहिल्यांदा आमच्याकडे आले, पर्यटक व्हिसावर मिळतात त्या सहा महिन्यांसाठी. आम्ही दोघे सकाळी कामाला गेलो की त्यांना गाडीवाचून कुठे जाता येत नसे. अण्णा बँकेत होते आणि बँकेच्या क्रिकेट संघाचे पंचवीस वर्षे स्कोअरर होते. स्वतः ते कधी अकरात नसत, पण त्यांच्या वहीत एका चेंडूचाही हिशेब चुकलेला नसे. अशा माणसापुढे टीव्हीवर बेसबॉल आला तेव्हा त्यांनी आधी आक्षेपांची यादीच केली. षटक संपत नाही म्हणजे काय, मारल्यावर बॅट फेकून पळायचे ही कसली रीत, आणि दहापैकी तीनदा यशस्वी होणाऱ्या फलंदाजाला हे लोक महान कसे म्हणतात? वहीची पहिली सहा-सात पाने त्यांनी चक्क क्रिकेटच्या पद्धतीने लिहिली आहेत. टिंब, टिंब, टिंब, आणि समासात बारीक अक्षरात "हे का बाद?" असा प्रश्न.

शेजारी एक निवृत्त टपालवाले आजोबा राहत. त्यांचा बॉस्टनी उच्चार अण्णांना कळत नसे आणि अण्णांचे पत्रव्यवहारी इंग्रजी त्यांना, पण वही दोघांनाही वाचता येत होती. त्यांनीच अण्णांना मैदानावरच्या जागांचे आकडे शिकवले: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, आणि मग डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून दुसऱ्या बेसवर दिला आणि तिथून तो पहिल्या बेसवर गेला, तर एवढे सगळे वर्णन करायचे नाही, ६-४-३ एवढेच लिहायचे. बॅटर बॅट फिरवून तीन स्ट्राइकवर, म्हणजे चेंडू हुकवून, बाद झाला तर के, नुसता बघत उभा राहून बाद झाला तर तोच के उलटा. हा उलटा के अण्णांना अतिशय आवडला. "न खेळता गेला, त्याची नोंद वेगळी पाहिजेच," ते म्हणाले.

याच आजोबांकडून आम्हाला रेड सॉक्सचे दुःख कळले. १९१८ नंतर संघाने वर्ल्ड सीरिज जिंकलेली नव्हती. १९४६, १९६७, १९७५ आणि १९८६ अशी चार वेळा ते अंतिम मालिकेत पोचले आणि चारही वेळा सातव्या सामन्यात हरले. श्राद्धाच्या तिथी सांगाव्यात तशी ही चार साले ते सांगत. या सगळ्याचे मूळ म्हणून लोक बेब रूथच्या विक्रीकडे बोट दाखवत. १९१९ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी संघाच्या मालकाने रूथला एक लाख डॉलरला न्यू यॉर्कच्या यांकीजला विकले आणि तेव्हापासून शाप लागला, असे म्हणतात. मला शापापेक्षा दुसरी गोष्ट अधिक लागट वाटते. १९४५ साली जॅकी रॉबिन्सन या काळ्या खेळाडूला फेनवेवर चाचणीसाठी बोलावून या संघाने तसेच परत पाठवले, आणि थेट १९५९ मध्ये, म्हणजे बाकीच्या सगळ्या संघांनंतर, पम्प्सी ग्रीनच्या रूपाने पहिला काळा खेळाडू घेतला. कोणी करणी केल्यामुळे हे झाले नव्हते. त्यांनी ते स्वतःच्या हाताने केले होते. संघ आपला मानला की त्याचे हेही आपल्याच पदरात येते.

त्या ऑक्टोबरात नवरात्र आणि यांकीजविरुद्धची उपांत्य मालिका एकाच वेळी आली. आईने घट बसवले होते आणि अखंड दिवा लावला होता. घर लाकडी आणि भाड्याचे, छताला धुराची घंटा. त्यामुळे दिवा काचेच्या उभट बरणीत, बरणी स्टीलच्या परातीत आणि परात ओट्यावर सिंकच्या शेजारी, असा सगळा बंदोबस्त होता. रात्री दोनदा उठून ती तेल घालत असे. तिसऱ्या माळेला आम्ही १९-८ असे हरलो आणि मालिकेत ०-३ ने मागे पडलो. त्याआधी बेसबॉलच्या इतिहासात एवढ्या पिछाडीवरून सात सामन्यांची मालिका कोणीही जिंकलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी, १७ ऑक्टोबरच्या रात्री, नववी इनिंग सुरू झाली तेव्हा ४-३ ने यांकीज पुढे होते आणि चेंडू मारियानो रिव्हेराच्या हातात होता. मी झोपायला निघालो होतो. अण्णा पेन्सिलीला टोक काढत बसले होते.

आमच्या केव्हिन मिलारला वॉक, म्हणजे चार चुकीच्या चेंडूंबद्दल फुकटचा पहिला बेस, मिळाला. त्याच्या जागी पळायला डेव्ह रॉबर्ट्स आला. तो दुसरा बेस चोरणार, म्हणजे फटक्याची वाट न पाहता पळणार, हे रिव्हेराला ठाऊक होते, मैदानातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. रिव्हेराने ओळीने तीनदा पहिल्या बेसकडे चेंडू फेकून त्याला मागे रेटले. आई नेमकी तेव्हाच दिव्यात तेल घालायला उठली होती आणि हातात तेलाची पळी घेऊन टीव्हीसमोर थबकली. "हा असा काय वाकून उभा आहे?" तिने विचारले. "पळणार आहे तो," अण्णा म्हणाले, "सगळ्यांना माहीत आहे, तरी पळणार." रॉबर्ट्स पळाला, हात पुढे टाकून बेसवर झेपावला, आणि पंचाने हात आडवे पसरले. पुढे बिल म्युलरच्या फटक्यावर तो धाव पूर्ण करून आला, बरोबरी झाली, आणि बाराव्या इनिंगमध्ये रात्री एक वाजून बावीस मिनिटांनी डेव्हिड ऑर्टिझच्या होम रनने, म्हणजे षटकारासारख्या फटक्याने, सामना संपला. दिव्यात तेल घालायचे राहिले आहे हे आईला त्यानंतर आठवले. दिवा तेवत होता.

संघाने ती मालिका ४-३ अशी जिंकली, दसरा झाला, आणि वर्ल्ड सीरिजचा चौथा सामना आला तो बुधवारी, २७ ऑक्टोबरला, कोजागरीच्या रात्री. त्यातही त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण. आईने दूध आटवून त्यात केशर-वेलची घातली, तुळशीचे पान टाकले आणि जाहीर केले की मोक्ष होईपर्यंत कोणी भांड्याला हात लावायचा नाही. अण्णांचा ग्रहणावर विश्वास नाही, पण आईच्या नियमांवर होता. सेंट लुईसमध्ये पहिल्याच इनिंगच्या सुरुवातीला जॉनी डेमनने होम रन मारला, आणि बॉस्टनच्या घड्याळाप्रमाणे बारा वाजायला वीस मिनिटे असताना, चंद्र तांबडा झालेला असताना, शेवटचा फटका सरपटत पिचर कीथ फोककडे आला. त्याने तो पहिल्या बेसकडे अलगद टाकला. अण्णांनी १-३ लिहिले आणि खाली दोन आडव्या रेघा मारल्या. शहाऐंशी वर्षांनी! दारावर टकटक झाली; टपालवाले आजोबा सपाता घालून उंबऱ्यात उभे होते आणि त्यांना बोलता येत नव्हते. आईने त्यांना खुर्ची दिली आणि एक वाजेपर्यंत, ग्रहण सुटेपर्यंत, बसवून ठेवले. को जागर्ति, असे लक्ष्मी त्या रात्री विचारत फिरते म्हणतात. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे बॉस्टनच्या मुलखात, जागे कोणी सापडायला तिला दुसऱ्या दाराशी जावे लागले नसेल.

२००७ चे विजेतेपद मुलगी दोन वर्षांची असल्याने आम्ही जेमतेम पाहिले. २०१३ चे मात्र वेगळे आहे. एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी मॅसॅच्युसेट्समध्ये पेट्रियट्स डेची सुट्टी असते, १७७५ च्या लेक्सिंग्टन आणि कॉनकॉर्डच्या लढायांची आठवण म्हणून. त्या दिवशी शहरात मॅरेथॉन असते आणि फेनवेवर सकाळी अकराच्या सुमारास सामना सुरू होतो. सामना सुटला की लोक तसेच केनमोर चौकात धावपटूंना बघायला जातात. १५ एप्रिल २०१३ रोजी आठ वर्षांच्या मुलीला घेऊन मी तिथे होतो. माइक नेपोलीच्या शेवटच्या फटक्यावर आम्ही ३-२ असे जिंकलो. मुलीला भूक लागली होती आणि तिला रस्त्यावरचे काही नको होते, एवढ्याच कारणाने आम्ही धावपटूंकडे न जाता घरी निघालो. दोन वाजून एकोणपन्नास मिनिटांनी स्पर्धेच्या अंतिम रेषेजवळ दोन स्फोट झाले.

फोन लागत नव्हते. अण्णांचा लागला तेव्हा पुण्यात रात्रीचा एक वाजून गेला होता. मी सामना बघायला जाणार हे त्यांना माहीत होते. मी "हॅलो" म्हटल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "कोण जिंकलं?" मी सांगितले. "शेवटचा फटका कोणाचा?" तेही सांगितले. मागे आईचा रडण्याचा आवाज येत होता. शुक्रवारी, आरोपीचा शोध सुरू असताना, आमच्या न्यूटनसकट आसपासच्या गावांना घराबाहेर पडू नका असे सांगण्यात आले आणि त्या रात्रीचा सामना पुढे ढकलला. शनिवारी फेनवे उघडले तेव्हा ऑर्टिझने माइक हातात घेऊन हे शहर आमचे आहे असे बजावले, आणि ते बजावताना एक सणसणीत शिवी हासडली. "बाबा, तो वाईट शब्द बोलला," मुलगी म्हणाली. मी तिला त्या वेळी काही समजावले नाही.

जगात असे काही चालले असताना खेळ बघत बसणे बरे का, हा प्रश्न मला अधूनमधून पडतो. जानेवारी १९४२ मध्ये, पर्ल हार्बरनंतर महिनाभराने, बेसबॉलच्या आयुक्तांनी अध्यक्ष रूझवेल्ट यांना हेच विचारले होते, आणि खेळ चालू ठेवणे देशाच्या हिताचे आहे, असे उत्तर रूझवेल्टनी पत्राने दिले. त्याच पत्रात, लष्करी वयाच्या खेळाडूंनी मात्र सैन्यात गेलेच पाहिजे, असेही होते. त्याच्या आदल्याच मोसमात .४०६ ची सरासरी, म्हणजे दहापैकी चारदा यश, गाठणारा आमचा टेड विल्यम्स पुढे तीन मोसम युद्धात होता. पत्र चांगले आहे, पण ते देशाबद्दल आहे. घरापुरते उत्तर मला २०२० साली मिळाले, आणि ते मिळाले नसते तर बरे झाले असते.

त्या वर्षी फेब्रुवारीत संघाने मूकी बेट्सला लॉस एंजेलिसच्या डॉजर्सना देऊन टाकले, मार्चमध्ये सगळे बंद झाले, आणि १६२ सामन्यांचा मोसम जुलैच्या अखेरीस ६० सामन्यांचा होऊन सुरू झाला. प्रेक्षक नव्हते, रिकाम्या मैदानात गर्दीचा ध्वनिमुद्रित आवाज सोडत. ऑगस्टमध्ये आई गेली. भारतात जाणारी नेहमीची विमाने मार्चपासून बंद होती. विशेष विमानांपैकी एकात जागा मिळवून, मग विलगीकरण संपवून मी पोचेपर्यंत तेरावाही झाला असता, आणि "येऊ नकोस" असे अण्णांनीच सांगितले. अंत्यविधी मी ताईच्या फोनवर पाहिला. चित्र तीनदा अडकले.

नंतरच्या आठवड्यात एका संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. मला वाटले, आता तरी आम्ही बोलू. "पिचर कोण आहे?" अण्णांनी विचारले. मी टीव्ही लावला आणि त्यांना सामना सांगू लागलो. बॉल. स्ट्राइक. फाउल. चेंडू शॉर्टस्टॉपकडे, ६-३. पलीकडे पुण्याच्या घरात ते एकटे बसले होते, आणि कागदावर पेन्सिल फिरल्याचा आवाज मला ऐकू येत होता. चौथ्या इनिंगमध्ये तो थांबला. मी सांगत राहिलो. सहाव्यात ते म्हणाले, "चहा दोन कप टाकला मी आज." मी पुढचा चेंडू सांगितला. संघ त्या वर्षी ६० पैकी ३६ सामने हरला आणि गटात शेवटचा आला; आम्ही त्या ऑगस्ट-सप्टेंबरमधला एकही सामना चुकवला नाही.

२०२३ पासून पिचरला घड्याळ लावले आहे. बेस रिकामे असतील तर पंधरा सेकंदांत चेंडू टाकावाच लागतो, आणि त्यामुळे पहिल्याच वर्षी सामन्याचा सरासरी वेळ तीन तास चार मिनिटांवरून दोन तास चाळीस मिनिटांवर आला. सगळ्यांनी या नियमाचे स्वागत केले. अण्णांनी मात्र हिशेब केला की आपले फोनवरचे बोलणे रोज चोवीस मिनिटांनी कमी झाले.

या वर्षीचे, २०२५ चे, काय सांगावे? १९ सप्टेंबरच्या शुक्रवारी एच-वन-बी व्हिसासाठी एक लाख डॉलर शुल्काचा आदेश निघाला, तेव्हा माझा भाचा रजेवर पुण्यात अण्णांकडेच होता. आदेश शनिवारी मध्यरात्रीपासून लागू, कोणाला लागू ते स्पष्ट नाही, आणि त्याच्या कंपनीचा निरोप की मिळेल त्या विमानाने परत या. त्याने दुप्पट पैसे मोजून तिकीट काढले आणि तो मुंबई विमानतळावर पोचला, तोवर शुल्क फक्त नव्या अर्जांसाठी आहे असा खुलासा झाला. ताई फोनवर रडत होती, मी चार वकिलांची पत्रके वाचत होतो, आणि अण्णा मला म्हणाले, "एक लाख डॉलर म्हणजे रूथचीच किंमत की रे." मग थोडे थांबून त्यांनी विचारले, "तुमच्या तिघांचे कागद पक्के आहेत ना?" आम्ही नागरिक होऊन बरीच वर्षे झाली, हे त्यांना ठाऊक आहे. तरी मी सगळे पुन्हा नीट सांगितले.

पाचव्या माळेला सेडान राफाएलाच्या शेवटच्या तिहेरी फटक्याने आम्ही प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, गेलो, आणि २ ऑक्टोबरला, ऐन दसऱ्याला, यांकीजनी आम्हाला ४-० ने घरी पाठवले. सीमोल्लंघन न्यू यॉर्कने केले. ज्याने आमचे बारा बॅटर के करून टाकले, तो कॅम श्लिटलर आमच्याच मॅसॅच्युसेट्समधल्या वॉलपोलचा, बॉस्टनमध्येच कॉलेजला गेलेला. हे म्हणजे घरचे झाले थोडे अशातले. त्या संध्याकाळी आमच्याकडे चार मराठी कुटुंबे जमली होती. आदल्याच दिवसापासून सरकारचे कामकाज बंद पडले होते आणि जमलेल्यांपैकी एक जण केंद्र सरकारचा नोकर. मुलांनी हिरव्या कागदाची कापलेली आपट्याची पाने त्याच्या हातात ठेवत बायको म्हणाली, "सोनं घ्या." "तेवढंच मिळतंय या महिन्यात," तो म्हणाला. ते बंद ४३ दिवस चालले.

महिन्याने, १ नोव्हेंबरला सुरू झालेला वर्ल्ड सीरिजचा सातवा सामना टोरंटोत अकराव्या इनिंगमध्ये, मध्यरात्र उलटल्यावर संपला. शेवटचा फटका शॉर्टस्टॉपकडे गेला. त्याने दुसऱ्या बेसवर स्वतः पाय टेकवून पहिल्या बेसकडे चेंडू फेकला. एकाच फटक्यात दोघे बाद, आणि डॉजर्स सलग दुसऱ्यांदा विजेते. तो शॉर्टस्टॉप मूकी बेट्स होता. "आपला होता," अण्णा म्हणाले, आणि मी विषय बदलला.

तर थँक्सगिव्हिंगच्या दुपारी मुलगी ओट्याशी उभी राहून ती वही चाळत होती. १७ ऑक्टोबर २००४ च्या पानावर, रॉबर्ट्सच्या चौकोनाला खेटून, रुपयाएवढा एक पारदर्शक डाग आहे. त्यातून मागच्या पानावरचे आकडे उलटे दिसतात. तो कसला, ते मी तिला सांगू शकलो असतो. संध्याकाळी सहाला, म्हणजे अण्णांच्या साडेचारला, तिने त्यांना व्हिडिओ लावला आणि पान कॅमेऱ्यासमोर धरले.

"आजोबा, हे काय सांडलंय?"

अण्णांनी चष्मा वर केला, फोन डोळ्यांजवळ घेतला. "तेल," ते म्हणाले. "तुझ्या आजीनं सांडलं. मी ओरडलो होतो तिच्यावर, पान खराब केलंस म्हणून." मग बराच वेळ ते त्या पानाकडे बघत राहिले. मुलगी हात न हलवता वही धरून उभी होती.

"पुढचा मोसम कधी?" त्यांनी विचारले.

"सव्वीस मार्च."

त्यांनी मागे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून बोटांवर मोजले. "म्हणजे पाडव्यानंतर बरोबर आठवड्यानं. यंदा स्कोअर तू लिही. आणि रेघा आधीच मारून ठेव हं, सामना सुरू झाल्यावर वेळ मिळत नाही. आता ते घड्याळ लावलंय ना."